नव्या यंत्राची किल्ली कोणाच्या कनवटीला?

(पनवेल येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय वरवर पाहता अगदी घरगुती आहे. नवा लॅपटॉप घरी आला, खोक्यातून निघाला, चालू झाला. त्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात काय करावे, एवढाच हा विषय. असल्या गोष्टीसाठी व्याख्यान कशाला, असे कोणाला वाटले तर ते स्वाभाविक आहे. परंतु मोठमोठ्या प्रश्नांची दारे पुष्कळदा अशा लहानशा उंबरठ्यांवरच उघडतात. स्वदेशी, स्वावलंबन, स्वत्व हे शब्द आपल्या व्यासपीठांवरून नित्य उच्चारले जातात. त्या शब्दांचा अर्थ घराच्या मेजावर ठेवलेल्या एका यंत्रापुरता तरी लावता येतो का, हे आज पाहावयाचे आहे.

विषयाला निमित्तही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या प्रणालीची नियमित साहाय्यसेवा थांबवली. त्या प्रणालीवर चालणारी यंत्रे त्या दिवशी बंद पडली नाहीत. पण सुरक्षेची नवी कवचे पुरविण्याचा नेहमीचा शिरस्ता संपला. बऱ्याच जुन्या यंत्रांवर 'विंडोज ११' चढत नाही. त्यामुळे घरे, दुकाने, वाचनालये, पतपेढ्या आणि शाळा यांना नवी यंत्रे घ्यावी लागत आहेत. पनवेलही त्याला अपवाद नाही. प्रत्येक नवे यंत्र चालू होताच आपल्या धन्याला काही प्रश्न विचारते. देश कोणता? कळफलक कोणता? वाय-फाय कोणते? आणि मग येतो तो कळीचा प्रश्न : तुमचे खाते कोणते?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आपण विचार न करता देतो, आणि त्याच ओघात चौथ्याचेही देऊन मोकळे होतो. खरी चूक होते ती येथे.

खाते म्हणजे काय?

संगणकात वापरकर्त्याचे खाते म्हणजे घरातील खोली आणि तिची किल्ली, असे समजावे. त्या खात्याच्या नावाने यंत्रात एक स्वतंत्र दप्तर तयार होते. आपले लेखन, छायाचित्रे, हिशेब आणि मुलांचे प्रकल्प त्या दप्तरात राहतात. या खात्याचे दोन प्रकार आहेत. पहिले स्थानिक खाते. त्याचे नाव आणि पासवर्ड त्या यंत्रातच राहतात. यंत्रात शिरताना बाहेरच्या कोणाची अनुमती लागत नाही, इंटरनेटचीही गरज नसते. दुसरे कंपनीचे खाते. त्याची नोंद कंपनीच्या दूरच्या संगणकावर असते, आपला ई-मेल पत्ता हीच त्याची ओळख असते आणि त्या ओळखीला साठवण, पत्रव्यवहार, खरेदी, जाहिराती अशा अनेक गोष्टी जोडलेल्या असतात.

एके काळी संगणकात फक्त पहिलाच प्रकार होता. २०१२ साली आलेल्या 'विंडोज ८' पासून कंपनीच्या खात्याने यंत्रात शिरण्याची पद्धत सुरू झाली. तेव्हा तो पर्याय होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये 'विंडोज ११' आली आणि तिच्या 'होम' आवृत्तीत मांडणीच्या वेळीच इंटरनेट व कंपनीचे खाते आवश्यक ठरले. पुढच्याच वर्षी वैयक्तिक वापराच्या 'प्रो' आवृत्तीलाही हाच नियम लागला. जाणकारांनी पळवाटा शोधल्या. त्यांतल्या दोन प्रसिद्ध वाटा २०२५ मध्ये कंपनीने चाचणीच्या आवृत्त्यांमधून काढून टाकल्या. म्हणजे तेरा वर्षांत प्रवास असा झाला : आधी सोय, मग आग्रह आणि शेवटी सक्ती.

याला षड्यंत्र म्हणण्याचे कारण नाही. कंपनीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. तिच्या खात्यामुळे पासवर्ड विसरला तर तो परत मिळवता येतो, हरवलेल्या यंत्राचा ठावठिकाणा लागू शकतो, एका यंत्रावरचे काम दुसऱ्यावर दिसते. ज्यांना हे हवे त्यांनी ते अवश्य घ्यावे. आक्षेप एवढाच की, पूर्ण मोल मोजून घेतलेल्या वस्तूत पहिले पाऊल टाकताना विक्रेत्याच्या वहीत नाव नोंदविण्याची अट असू नये. घर विकत घेतल्यावर किल्ली मिळते. बिल्डरच्या कचेरीत रोज सही करून ती घ्यावी लागत नाही.

मेघ आकाशात नसतो

कंपनीच्या खात्याने मांडणी केली की डेस्कटॉप, कागदपत्रे आणि छायाचित्रे ही मुख्य दप्तरे कंपनीच्या 'वनड्राइव्ह' या साठवणीत आपोआप जाऊ लागणे आता नेहमीचे झाले आहे. फुकट मिळणारी जागा पाच जीबी. घरातल्या एका लग्नाची छायाचित्रे तेवढी जागा सहज व्यापतात. मग जागा संपल्याची सूचना आणि मासिक शुल्काचे आमंत्रण येते. पुष्कळांना तोवर ठाऊकही नसते की, आपल्या फायली आपल्या यंत्राबाहेर गेल्या आहेत. त्या 'क्लाउड'वर आहेत, असे सांगितले जाते. शब्द मोठा काव्यमय आहे. मेघ म्हटला की डोळ्यांपुढे आकाश येते.

पनवेलकरांना तरी हा भ्रम परवडणारा नाही. कारण हा मेघ त्यांच्या दाराशी उतरलेला आहे. हिरानंदानी समूहातील योट्टा कंपनीचे 'एनएम-१' हे डेटा केंद्र जुलै २०२० मध्ये पनवेलजवळ सुरू झाले. ७,२०० रॅक आणि ५० मेगावॉट विजेची क्षमता असलेली ती प्रचंड वास्तू आहे. म्हणजे मेघ ही वस्तुतः सिमेंट-काँक्रीटची इमारत असते. तिला वीज लागते, गारवा लागतो, पहारा लागतो आणि तिला मालक असतो. आपली फाइल 'क्लाउड'वर आहे, याचा सरळ मराठीतला अर्थ, ती दुसऱ्याच्या संगणकावर आहे.

अशी केंद्रे भारतात, महाराष्ट्रात, पनवेलमध्ये उभी राहत आहेत याचा अभिमान वाटलाच पाहिजे. परंतु विदा कोठे ठेवली आहे आणि तिच्यावर सत्ता कोणाची आहे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये 'क्लाउड ॲक्ट' नावाचा कायदा केला. त्यानुसार अमेरिकी कंपनीच्या ताब्यातील माहिती जगात कोठेही साठवलेली असली, तरी तेथील यंत्रणा विहित न्यायालयीन मार्गाने ती त्या कंपनीकडे मागू शकतात. म्हणजे माहिती भारताच्या भूमीवर ठेवलेली असली तरी ती सांभाळणारी कंपनी दुसऱ्या देशाच्या कायद्याला बांधील असू शकते. भूमी आपली असणे पुरेसे नसते. किल्लीही आपली असावी लागते.

वाडिनारचा धडा

ही केवळ शंका आहे, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी जुलै २०२५ मधील एक घटना पुरेशी आहे. नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्यालय असलेली कंपनी. गुजरातमधील वाडिनार येथे तिचा वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीचा तिच्यात मोठा हिस्सा आहे. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने रशियाविरोधी निर्बंधांच्या नव्या यादीत नायराचा समावेश केला. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने या कंपनीच्या सेवा रोखल्या. कर्मचाऱ्यांचा ई-पत्रव्यवहार थांबला. निर्बंध युरोपचे, सेवा देणारी कंपनी अमेरिकेची आणि काम थांबले भारतीय भूमीवरील भारतीय कर्मचाऱ्यांचे!

नायराने दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. शुल्क भरलेल्या सेवा आणि स्वतःचीच माहिती आपल्याला नाकारली जात आहे, असे तिचे म्हणणे होते. मधल्या काळात पत्रव्यवहारासाठी ती रेडिफ या भारतीय सेवेकडे वळली. महिना संपता संपता मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केल्या. प्रकरण मिटले, पण धडा उरला. भारताच्या एकूण तेलशुद्धीकरणात सुमारे आठ टक्के वाटा असलेल्या कंपनीच्या कचेऱ्या, तिचा दोष भारतीय कायद्याने कोठेही ठरलेला नसताना, एका कळीच्या दाबाने मुक्या होऊ शकतात. मोठ्या वकिलांची फौज उभी करू शकणाऱ्या उद्योगाला न्यायालयात जाऊन आठवड्याभरात दाद मिळाली. पनवेलच्या एखाद्या छापखान्याचे वा शिकवणीच्या वर्गाचे खाते काही कारणाने गोठले, तर त्याने कोठे जावे? उत्तर देणारा माणूस नसतो. असतो तो एक अर्ज आणि यंत्राने पाठविलेले उत्तर.

आम्हाला काय लपवायचे आहे?

या ठिकाणी एक नेहमीचा प्रश्न येतो. "आम्ही साधी माणसे. आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे?" प्रश्न प्रामाणिक आहे, पण दिशा चुकलेली आहे. घराला दार असते ते चोरी लपविण्यासाठी नव्हे. आत कोणाला घ्यावे हे घरधन्याने ठरवावे, यासाठी असते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संमत केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायद्याने दार बसवून दिले आहे. पण कडी आतून लावायची की नाही, हे घरच्यांनीच ठरवायचे आहे.

शिवाय प्रश्न केवळ गुप्ततेचा नाही. तो स्वामित्वाचा आहे, आणि त्याचा फटका कसा बसतो हे पाहण्यासाठी दिल्लीच्या न्यायालयापर्यंत जाण्याचे कारण नाही. 'विंडोज ११'च्या अलीकडच्या आवृत्त्यांत, कंपनीचे खाते जोडले की पुष्कळ यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. हे चोरीपासून संरक्षण आहे आणि ते चांगलेच आहे. पण त्या कुलपाची ४८ अंकी पर्यायी किल्ली ज्या खात्याने मांडणी झाली त्या खात्यात जाऊन बसते. एरवी ती कधी लागत नाही. यंत्र दुरुस्त झाले, मदरबोर्ड बदलला वा आतल्या मूळ प्रणालीत काही फेरफार झाला की मात्र निळ्या पडद्यावर ते ४८ अंक मागितले जातात.

आता वस्तुस्थिती पाहावी. नवा लॅपटॉप "चालू करून द्या" म्हणून दुकानातच ठेवला जातो. तेथील तरुण कामाच्या घाईत एखादे नवेच खाते उघडतो किंवा स्वतःचेच वापरतो. ग्राहक खूश होऊन घरी जातो. दोन वर्षांनी ४८ अंक मागितले गेले की ते कोणत्या खात्यात आहेत, हे कोणालाच सांगता येत नाही. दहावीच्या वर्गाच्या प्रश्नपत्रिका, आजोबांची अखेरची छायाचित्रे, तीन वर्षांची खातेवही सारे काही डोळ्यांसमोर असलेल्या यंत्रात सुखरूप असते, आणि तरीही कायमचे हातचे गेलेले असते.

सामाजिक संस्थांच्या बाबतीत हे दुखणे अधिक खोल आहे. संस्थेसाठी देणगीतून लॅपटॉप घेतला जातो. जो उत्साही कार्यकर्ता तो चालू करतो, त्याच्या वैयक्तिक ई-मेलने संस्थेचे यंत्र बांधले जाते. पुढे तो नोकरीनिमित्त पुण्याला वा परदेशी जातो. कधी मतभेद होतात. कधी दैव आड येते. सभासदांची यादी, इतिवृत्ते, लेखापरीक्षणाचे कागद एका व्यक्तीच्या खात्यात अडकून राहतात. दोष त्या कार्यकर्त्याचा नसतो. संस्थेने आपली किल्ली संस्थेच्या कपाटात ठेवण्याची शिस्तच लावलेली नसते. जिची पालिका १८५२ पासूनची आहे, अशा या नगरीला गावचे दप्तर गावात राहण्याचे महत्त्व नव्याने सांगावे लागू नये.

गडाची व्यवस्था

मग करावे काय? येथे आपल्या इतिहासाकडे पाहणे उपयोगी आहे. ज्या रायगडाचे नाव या जिल्ह्याने १९८१ मध्ये धारण केले, त्या रायगडाच्या स्वामीने गडकोटांची व्यवस्था कशी लावली होती? सभासदाच्या बखरीत तिचे वर्णन आहे. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे अधिकारी नेमलेले असत. कारभार कोणा एकाच्या मुठीत नसे. एकाच्या फितुरीने वा गाफीलपणाने गड जाऊ नये हा त्यामागचा विचार. सूर्यास्ताला दरवाजा बंद झाला की तो कोणासाठीही उघडत नसे. हिरकणीची कथा लोकमानसात आजही त्याची साक्ष देते. अधिकार वाटलेले, किल्ली गडावर आणि नियम सर्वांना सारखा, अशी ही त्रिसूत्री होती.

तीच यंत्राला लावावी. पहिले सूत्र असे की, मांडणी आपल्या डोळ्यांसमोर करावी. दुकानात द्यायची असेल तर शेजारी बसावे. शक्य तर ती घरीच करावी. 'प्रो' आवृत्तीत, यंत्र कामासाठी वा शाळेसाठी असल्याचा पर्याय निवडून, साइन-इनच्या पर्यायांत 'डोमेन'शी जोडण्याचा मार्ग घेतला की स्थानिक खाते उघडण्याची वाट मिळत आली आहे. 'होम' आवृत्तीत ती वाट नाही. तेथे प्रथम घरधन्याच्या किंवा संस्थेच्या स्वतःच्या खात्याने मांडणी पुरी करावी, आणि मग 'सेटिंग्ज'मधील 'अकाउंट्स' या विभागात आपल्या माहितीच्या पानावर जाऊन स्थानिक खात्याने साइन-इन करण्याचा पर्याय निवडावा. तत्पूर्वी दोन कामे विसरू नयेत. डिस्क कुलूपबंद झाली असल्यास ते ४८ अंक खात्यातून काढून कागदावर उतरवावेत. 'वनड्राइव्ह'मध्ये गेलेल्या फायली यंत्रात परत उतरल्या आहेत की नाहीत, तेही पाहून घ्यावे.

दुसरे सूत्र, खाती दोन असावीत. एक व्यवस्थापकाचे, ज्याला संगणकाच्या भाषेत 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणतात; दुसरे रोजच्या वापराचे, मर्यादित अधिकारांचे. नवा कार्यक्रम बसविणे, दुसऱ्याचे खाते उघडणे वा पुसणे हे अधिकार पहिल्याकडे असतात. रोजचे लेखन, वाचन, ई-पत्रव्यवहार दुसऱ्याने करावा. मुलांना आणि कार्यालयातील सहकाऱ्यांना प्रत्येकी वेगळे मर्यादित खाते द्यावे. एखादा घातक कार्यक्रम चुकून उघडला गेला, तरी मर्यादित खात्यातून त्याचे हात फार लांब पोहोचत नाहीत. हवालदाराने शिबंदीच्या रांगेत झोपू नये, तसे व्यवस्थापकाच्या खात्याने बाजारात हिंडू नये.

तिसरे सूत्र नावाचे. खात्याच्या नावावरूनच यंत्रात दप्तराचे नाव पडते आणि ते पुढे बदलणे किचकट असते. कंपनीच्या खात्याने मांडणी केली तर ई-मेल पत्त्याची पहिली पाच रोमन अक्षरे घेऊन दप्तराला नाव दिले जाते. माणसाचे नाव मध्येच तुटते. स्थानिक खात्यात ते आपण ठरवतो. काही जुने कार्यक्रम देवनागरी नावाच्या दप्तराशी अडखळतात. म्हणून तेवढे एक नाव रोमन अक्षरांत, छोटे, मधे जागा न सोडता द्यावे. बाकी यंत्रात मराठी मनसोक्त नांदू द्यावी. विंडोजमध्ये मराठीचा कळफलक अंगभूत असतो. तो फक्त जोडून घ्यावा लागतो. भारत सरकारने प्रमाण मानलेली 'इन्स्क्रिप्ट' मांडणी शिकण्यास फार दिवस लागत नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. त्या दर्जाचा मान घरच्या यंत्रावर मराठी उमटण्यापासून राखावा.

चौथे सूत्र पासवर्डचे. स्थानिक खाते उघडताना विंडोज तीन सुरक्षा-प्रश्न विचारते. जन्म कोणत्या गावी झाला, पाळीव प्राण्याचे नाव काय, अशा धर्तीचे ते असतात. उत्तर खरेच दिले पाहिजे असा दंडक नाही. ज्याचे जन्मगाव अर्ध्या आळीला ठाऊक आहे, त्याने ते उत्तर म्हणून देणे म्हणजे किल्ली तुळशीवृंदावनात ठेवण्यासारखे आहे. उत्तर मनाचे द्यावे आणि लिहून ठेवावे.

स्वामित्व म्हणजे जबाबदारी

होय, लिहून ठेवावे. आणि येथेच विषयाची दुसरी, अधिक कठीण बाजू येते. स्थानिक खात्यात किल्ली आपली असते. म्हणून ती हरवली तर दोषही आपलाच असतो. पासवर्ड विसरला आणि तिन्ही उत्तरेही विसरली, तर कंपनीकडे दाद मागता येत नाही, कारण कंपनीकडे ती किल्ली कधी गेलेलीच नसते. म्हणून पासवर्ड, सुरक्षा-प्रश्नांची उत्तरे आणि ४८ अंक एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून, पाकिटात घालून, घराच्या खरेदीखताशेजारी कपाटात ठेवावेत. घरातील दुसऱ्या एका विश्वासू व्यक्तीला त्याची जागा ठाऊक असावी. संस्थेत ते पाकीट अध्यक्ष वा कार्यवाह यांच्या ताब्यात असावे आणि पदभार सोपविताना त्याची नोंद इतिवृत्तात व्हावी.

डिस्कच्या कुलपाचेही तसेच आहे. आरंभापासून स्थानिक खाते असले तर ते कुलूप बहुधा आपोआप लागत नाही. अशा स्थितीत लॅपटॉप लोकलमध्ये चोरीला गेला, तर चोर डिस्क काढून सारे वाचू शकतो. 'प्रो' आवृत्तीत 'बिटलॉकर' हे कुलूप स्वतः लावून त्याची किल्ली छापून घेता येते. 'होम' आवृत्तीत 'व्हेराक्रिप्ट'सारखा मोफत कार्यक्रम वापरता येतो. कंपनीने न मागता दिलेले संरक्षण नाकारायचे असेल, तर त्याच्या जागी आपले संरक्षण उभे करावे लागते. नुसते नाकारणे म्हणजे स्वावलंबन नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रती. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनी मुंबई-रायगडात अनुभवला आहे, त्यांना एका दिवसात जन्माची कागदपत्रे कशी लगदा होतात हे सांगावे लागत नाही. ज्याच्या फायली एकाच यंत्रात आहेत, त्याच्या फायली एका पावसाच्या, एका पडण्याच्या, एका चोरीच्या अंतरावर आहेत. जगभरच्या जाणकारांचा नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतील एक वेगळ्या ठिकाणी. लॅपटॉप, घरातील बाह्य हार्ड डिस्क आणि बहिणीच्या घरी ठेवलेली दुसरी डिस्क, एवढ्यात तो पाळला जातो. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, देवघरातल्या समईची वात जितक्या सहज सारली जाते तितक्या सहज हे काम व्हावे. हवे तर निवडक फायली क्लाउडवरही ठेवाव्यात. पण त्या आपण निवडून, आपल्या इच्छेने. स्थानिक खाते असले तरी एखाद्या सेवेपुरते स्वतंत्र साइन-इन करता येते. स्थानिक खाते ठेवणे म्हणजे जगाशी संबंध तोडणे नव्हे. दार आहे, ते उघडतेही. फक्त कडी आतल्या बाजूला आहे.

नकारातून निर्मिती

स्वदेशीचा विचार या भूमीला नवा नाही. पनवेल तालुक्यातील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. ज्या काळात त्यांच्या मनात परकीय सत्तेविरुद्धची आग धुमसू लागली, त्याच काळात, १८७२ मध्ये, याच पनवेलमध्ये श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू झाला. एक मार्ग संघर्षाचा, दुसरा निर्मितीचा. राष्ट्राला दोन्ही लागतात. पण संघर्षाचा प्रसंग नित्य येत नाही, निर्मितीचे काम मात्र नित्य असते.

संगणकाच्या क्षेत्रातही महाराष्ट्राने हे एकदा सिद्ध केले आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेने अधिक शक्तिशाली क्रे महासंगणक भारताला देण्यास नकार दिला. त्या नकारातून १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था उभी राहिली आणि अकोला जिल्ह्याचे सुपुत्र डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा भारतीय महासंगणक साकारला. याच संस्थेने पुढे 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली तयार केली. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये 'माया' या लिनक्सवरच आधारलेल्या प्रणालीचा अवलंब सुरू केला. श्रीधर वेम्बू यांच्या 'झोहो' या भारतीय कंपनीच्या सेवेवर केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ई-मेल हलविण्यात आले आहेत. लिनक्सच्या प्रणाली बसवताना एक गोष्ट सहज लक्षात येते. तेथे पहिलेच खाते स्थानिक असते. कोणत्याही कंपनीच्या वहीत नाव घालावे लागत नाही. घरात एखादे जुने यंत्र पडून असेल, 'विंडोज ११' त्यावर चढत नसेल, तर ते भंगारात देण्यापूर्वी अशी एखादी प्रणाली त्यावर बसवून पाहावी. विद्यार्थ्याच्या हाती ते यंत्र आणखी काही वर्षे काम करील, आणि यंत्राचा धनी असणे म्हणजे काय हेही त्याला कळेल.

सर्वांनी उद्याच परदेशी प्रणाली टाकून द्याव्यात, असे सांगणे भाबडेपणाचे होईल. शाळेचे, बँकेचे, कचेरीचे पुष्कळ काम आज त्यांवरच चालते. परंतु परावलंबन अपरिहार्य असते तेव्हाही ते किती असावे, हे ठरविण्याचा अधिकार सोडून देण्याचे कारण नाही. वाडिनारच्या प्रसंगाने मोठ्या उद्योगांना सावध केले. सामान्य घरे आणि लहान संस्था यांना सावध करण्यासाठी तशा प्रसंगाची वाट पाहण्याची गरज नाही. येत्या रविवारी घरातले यंत्र उघडावे. ते कोणाच्या खात्याने बांधलेले आहे ते पाहावे. ४८ अंक कोठे आहेत ते शोधावे, कागदावर उतरवावेत. बाह्य डिस्कवर एक प्रत काढावी. ज्या संस्थेत आपण काम करतो, तिच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारावा : आपल्या यंत्राची किल्ली कोणाकडे आहे? उत्तर देताना सभेत शांतता पसरली, तर कामाला कोठून आरंभ करायचा, हे त्या शांततेतच स्पष्ट झालेले असेल.